साडूंची लायब्ररी आणि नैरोबीचं स्थळ

माझे साडू एका जागी स्वस्थ बसलेले आपण पाहिले आहेत असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या सोलापुरात सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो थापा मारतोय असं खुशाल समजावं. लग्नात होमासमोर ते पाटावर बसले होते याला मी साक्षीदार आहे, पण तिथंही त्यांचा गुडघा असा काही हलत होता की भटजींनी मंत्र थांबवून "नवरदेव, तूप सांडतंय" अशी तंबी दिली होती. कुर्डुवाडीहून एसटीनं येताना सगळी गाडी रिकामी असली तरी हे दांडीला धरून उभे. जेवताना दोन घासांच्या मध्ये उठून खिडकी उघडतील, पुढच्या दोन घासांनंतर ती लावून येतील. याउलट मी चादरी-टॉवेलांचा दुकानदार. गादीवर बसणं हा आमचा पिढीजात धंदा, आणि त्यात मी घराण्याचं नाव राखून आहे. देवानं आम्हा दोघांना सख्ख्या बहिणी बायका म्हणून दिल्या, त्यामागं काहीतरी विनोद करण्याचाच त्याचा हेतू असणार.

साडूंचा मुक्काम जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये. पुण्यातल्या एका कंपनीचं काम ते घरूनच करतात आणि ते उभ्यानं करतात. कपड्यांना इस्त्री करायच्या उंच टेबलावर लॅपटॉप ठेवलेला असतो आणि त्यामुळं माझी मेहुणी गेली कित्येक वर्षं इस्त्री जमिनीवर घोंगडं अंथरून करते. पण हे काम पोटासाठी. जिवासाठी त्यांच्याकडं एक लायब्ररी होती. लायब्ररी म्हटल्यावर पुस्तकांची कपाटं डोळ्यांपुढं आणू नका, मी आणली होती आणि बराच काळ "आता किती पुस्तकं झाली?" असं विचारून हसं करून घेतलं होतं. शेवटी एकदा दुकानात येऊन, दोन्ही बाजूंच्या मांडण्यांमधून येरझाऱ्या घालत त्यांनी मला समजावलं.

"हे बगा पाव्हणं, तुमचं दुकान म्हंजे अ‍ॅप. मागचं गोडाऊन म्हंजे डेटाबेस. ह्या गोडाऊनमधी आखीव रकाने न्हायत. परत्येक गठ्ठा सुटा, त्याच्यावर त्याची त्याची चिठ्ठी. एकात नुस्त्या चादरी, दुसऱ्यात चादरी अन् नॅपकिन, तिसऱ्यात आनि काय. कुणी कुणासारखं असायची सक्ती न्हाय. आता गिऱ्हाईक आलं की तुमी आतनं माल कसा मागवता?"

"गड्याला सांगतो."

"तो गडी म्हंजे माझी लायब्ररी! अ‍ॅप सांगतं, हा पळत जातो, बराबर गठ्ठा काढून आणतो. जगात कुणालाबी न्यायला मोकळा. पैसे न्हायत. आतनं तो कसा चालतो तेबी समद्यांना उघडं. फकस्त बिघडला की मला सांगायचं."

"आणि तुम्हाला काय मिळतं?"

"सांगत्यात की लोकं, बिघडला म्हणून," असं म्हणून ते पुढच्या दारानं बाहेर पडले आणि मागच्या दारानं आत आले.

या लायब्ररीच्या रीतभाती त्यांच्या हाडीमाशी इतक्या खिळल्या होत्या की घरात कुठला नियम मेहुणीचा आणि कुठला गड्याचा हे सांगणं अवघड झालं होतं. उदाहरणार्थ फोन. आपण उचलला नाही की ते थोडं थांबून पुन्हा करतात. तेव्हाही नाही उचलला तर आधीच्या दुप्पट थांबतात, मग त्याच्याही दुप्पट. "समोरचा आदीच दमलेला असला तर सारखं दार ठोकून त्याला आनखी दमवायचं न्हाय," हे त्यांचं तत्त्व. एकदा माझा फोन दुकानात हरवला. सगळा माल खाली काढला तरी सापडेना. इतक्यात टॉवेलांच्या गठ्ठ्यांमधून घंटी ऐकू आली. आम्ही त्या बाजूला धावलो तर बंद. साडूच असणार हे मी ओळखलं आणि सगळ्यांना कान देऊन उभं केलं. दुपार कलत गेली तशा घंट्याही लांब लांब पडत गेल्या आणि दुकानातली माणसं चातकासारखी पुढच्या घंटीची वाट पाहू लागली. शेवटी एका गठ्ठ्याच्या पोटातून फोन निघाला. धापा टाकत विचारलं, "काय काम होतं एवढं?" तर म्हणाले, "काय न्हाय. लागतोय का बघत हुतो." आणि एकदा लागलेला फोन तसाच सोडायचा नाही, तो रीतसर मिटवायचा, हा दुसरा नियम. "झालं? झालं. ठेवू? ठेवा." एवढं झाल्याशिवाय त्यांचा फोन संपत नसे. उघडी राहिलेली जोडणी म्हणजे त्यांच्या लेखी उघडा राहिलेला नळ, आणि आमच्या सोलापुरात उघड्या नळासारखं पाप नाही.

पण त्यांचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे जुनं एकदम मोडायचं नाही. लायब्ररीतली एखादी जुनी सोय काढायची असली तर ते वर्ष-वर्ष आधी इशारा देत, ही जाणार आहे, नवी वापरायला लागा म्हणून. घरातही तेच. एकदा मी गेलो तर सोफ्यावर चिठ्ठी चिकटवलेली: "हा सोफा संक्रांतीनंतर खिडकीखाली असेल. तोपर्यंत येथेच बसावे." संक्रांत झाली, सोफा हलला; पण जुन्या जागी एक प्लॅस्टिकचं स्टूल येऊन बसलं. "सवयीनं कुणी येऊन टेकलं तर?" मेहुणीनं कपाळावर हात मारला. नंतर एकदा आमचे सासरे राहायला आले. दुपारची झोप झाल्यावर चष्मा न लावताच ते बाहेर आले, सरळ जुन्या जागी गेले आणि मागं न बघता बसले. स्टुलावर. साडूंना त्या दिवशी झालेला आनंद मी त्यांच्या पगारवाढीलाही पाहिला नव्हता. दोन दिवस ते येईल त्या माणसाला ते स्टूल दाखवत होते.

तक्रारी देशोदेशीहून येत. एकदा कुणा लांबच्या माणसानं लिहिलं की तुमच्या या भिकार लायब्ररीनं माझा रविवार खाल्ला. आणि पुढं साडूंच्या अकलेविषयी असं काही लिहिलं की ते मला मराठीत सांगताना त्यांना शब्द सापडेनात. साडूंनी चपला घातल्या, सगळ्या कॉलनीला फेरी मारली, परत येऊन उत्तर दिलं: तुमचा रविवार गेला याचं वाईट वाटलं, कोणती आवृत्ती वापरता? चूक त्या माणसाचीच निघाली. मी म्हटलं, आता चांगलं झाडा त्याला. तर म्हणाले, "त्याला चुकता आलं म्हंजे दार मीच उगडं ठिवलं हुतं की." आणि त्यांनी सूचनांचं अख्खं पान नव्यानं लिहून काढलं. असल्या माणसाशी भांडणं किती कठीण जातं हे माझ्या मेहुणीला विचारा.

मग गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. एकदा आमच्याकडं सगळे जेवायला बसलो होतो, कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. साडूंनी तुकडा मोडला, चटणीत घोळवला आणि तो तोंडाशी येण्याआधीच बोटांतून गळून पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. ते आपल्या हाताकडं असे बघत राहिले जणू तो दुसऱ्या कुणाचा चुकून त्यांच्या ताटात आला होता. डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातली शीर दबली आहे. पट्टा बांधा आणि टायपिंग निम्म्यावर आणा, नाहीतर बोटं कायमची जातील. आता निम्मं म्हणजे नोकरीचं. उरलेलं निम्मं ही लायब्ररी.

"मग बंद करून टाका," मी म्हणालो. मी तुमच्या म्हाताऱ्या आईला कुर्डुवाडीच्या फलाटावर सोडून या असं म्हणालो असतो तरी ते इतके दचकले नसते.

"बंद? अवो, कुटं कुटं चालतीया ती. कुठल्या दवाखान्यात नंबर लावायला, कुठल्या गावात दुधाचं माप नोंदवायला. समद्यांचं खोळंबंल की."

"कोण आहेत हे सगळे?"

"तेच तर म्हाईत न्हाय. म्हाईत असते तर एकेकाला फोन करून सांगितलं असतं."

म्हणजे कुणीतरी वारस शोधायचा आणि लायब्ररीची चावी त्याच्या हाती द्यायची. चावी म्हणजे नवी आवृत्ती जगाला द्यायचा हक्क. ती वाईट माणसाच्या हाती पडली तर गडी घराघरांत शिरून काय काय करून येईल, हे साडूंनी मला इतक्या तपशिलानं सांगितलं की त्या दिवसापासून मी माझ्या खऱ्या गड्याकडंही जरा संशयानं बघायला लागलो. हाताला पट्टा बांधून, आधी एका खोलीत घालायचे त्या येरझाऱ्या साडू आता तिन्ही खोल्यांतून घालू लागले. मेहुणी मला म्हणाली, "दाजी, तुम्ही तरी लक्ष घाला. पोरीचं लग्न ठरत नसल्यागत झालंय ह्यांचं."

तिनं हे सहज म्हटलं आणि साडूंनी ते मनावर घेतलं. त्यांनी खरोखरच स्थळं बघायला सुरुवात केली. मला मध्यस्थ नेमलं, का, तर गिऱ्हाईकाचं तोंड बघून तो घेणार की नुसती घडी मोडणार हे मला कळतं म्हणून. केम या त्यांच्या गावाहून त्यांच्या आईला बोलावून घेतलं. ती माउली शेतातलं काम टाकून आली आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "जित्राब द्यायचं आसलं की आदी घेणाऱ्याच्या दावणीची जनावरं बगावी. त्येंची पोटं भरल्याली हायत का न्हाय. आन् दात बगून घे."

"कुणाचे दात, आई?"

"दोगांचं बी."

पहिलं स्थळ बंगळुरूचं, फार हुशार. व्हिडिओवर आल्याआल्या म्हणाला, सगळं पाडून पहिल्यापासून लिहू, हे जुनं म्हणजे कचरा आहे. "घरात पाय टाकल्या टाकल्या भिंती पाडणारा हाय," एवढं बोलून साडू गच्चीवर गेले. दुसरं स्थळ म्हणजे एक कंपनीच होती, तिनं आधी हाटेलात जेवायला बोलावलं. पोरीची किंमत सांगणाऱ्याकडं मुलीचा बाप बघतो तसं त्यांच्याकडं बघून साडू न जेवताच परतले. तिसरा माणूस गोड बोलायचा, पण चावी कधी देता हे इतक्यांदा विचारायचा की साडूंना झोप लागेना. "ह्याला पोरगी न्हाय, तिजोरी पायजे." मी म्हटलं, अहो, तुम्हाला कुणीच पसंत पडायचं नाही. ते म्हणाले, "मला कुटं नांदायचंय? तिला नांदायचंय."

चौथं स्थळ नैरोबीचं. एक बाई, पस्तिशीतली, तिथं शाळांसाठी कसलंसं अ‍ॅप चालवायची आणि त्यासाठी साडूंचीच लायब्ररी वापरायची. अधूनमधून बारीकसारीक दुरुस्त्या पाठवायची, तीन ओळींची दुरुस्ती आणि दहा ओळींचं कारण. साडूंनी आईचा सल्ला शब्दशः पाळून तिच्या दावणीची जनावरं पाहिली, म्हणजे ती सांभाळत असलेली इतर लहान-मोठी कामं. पोटं भरलेली होती. रविवारी दुपारी बोलणं ठरलं. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, समोर उभे साडू, बाजूला खुर्चीत मी, खाली घोंगड्यावर त्यांची आई. पडद्यावर बाई आली, मागं भिंतीवर लहान मुलाची चित्रं चिकटवलेली. साडूंच्या आईनं पहिलाच प्रश्न टाकला, "कुनाची गं तू?"

साडूंनी घाम पुसत त्याचं इंग्रजी केलं. बाई हसली आणि आपल्या बापाचं, आजाचं नाव, गाव, सगळं सांगायला लागली. म्हातारीला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती "व्हय, व्हय" करत मान डोलवत होती. मग साडूंनी घसा साफ केला आणि परीक्षेचा खरा प्रश्न विचारला. एक फार जुनी सोय होती, जगात तिला वापरणारा बहुधा एकच कुणी उरला असावा. तिचं काय करशील? बाई विचारात पडली. आम्ही पडद्याकडं सरकलो. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून मेहुणी ओरडली, "पाणी आलं!"

आता सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पाच दिवसांनी आलेलं पाणी आफ्रिका खंडासाठी थांबत नाही. साडू टेबलापासून असे सुटले की मधली खुर्ची माझ्यासकट फिरली. म्हातारी पदर खोचून पिंपाकडं धावली. मेहुणीनं माझ्या हातात बादली दिली, आणि जन्मात गादी न सोडलेला मी भिजलेल्या धोतरानिशी न्हाणीघरातून गच्चीपर्यंत खेपा घालू लागलो. पातेली, कळशा, तांबे, कुकरसुद्धा भरले. एक हात निकामी असलेले साडू डाव्या हातानं मोटारीची नळी धरून सगळ्यांवर ओरडत होते. पाणी गेलं, सगळे भिंतीला टेकले, आणि मग साडूंनी कपाळाला हात लावला. जन्मभर दुसऱ्यांच्या उघड्या जोडण्या मिटवत आलेला माणूस स्वतःचा फोन उघडा टाकून पळाला होता.

आम्ही आत धावलो. बाई तिथंच होती. घाबरून साडूंनी माफी मागायला सुरुवात केली तशी तिनं हात वर केला. ती म्हणाली, बादल्या पळताना दिसल्या तेव्हाच मला कळलं, आमच्याकडंही पाणी ठरलेल्या वारीच येतं, सगळं भरून झालं का? पिण्याचं वेगळं ठेवलं का? साडू नुसते हो म्हणाले. मग तिनं सांगितलं की नुसतं बसण्यापेक्षा मी तुमच्याकडची एक पडून राहिलेली तक्रार घेतली, एका नवख्या मुलाची होती, त्याला उत्तर दिलं आहे, बघून घ्या. आणि त्या जुन्या सोयीचं म्हणाल तर, वापरणारा तो एकजण कोण आहे ते आधी मी शोधीन. साडूंनी ते उत्तर वाचलं. वर केलं, खाली केलं, पुन्हा वाचलं. त्यांच्या आईनं विचारलं, "काय म्हनती?"

"आई," ते म्हणाले, "पाणी भरलं का म्हणून इचारती."

"मग दे की," म्हातारी म्हणाली आणि ओला पदर पिळायला निघून गेली.

अशी लायब्ररी नैरोबीला दिली. बाई म्हणत होती की एक चावी तुमच्याकडंही राहू द्या. साडूंनी ऐकलं नाही. "दिली म्हंजे दिली. माहेरच्यांनी सासरच्या सैपाकघरात हात घालायचा न्हाय." आपले सगळे हक्क त्यांनी तिला काढून टाकायला लावले आणि त्या संध्याकाळी दुकानात येऊन माझ्या सगळ्या चादरी रंगांप्रमाणे नव्यानं लावल्या. त्यानंतर ते रोजच येऊ लागले. बोटांतल्या मुंग्या कमी झाल्या होत्या, घास गळत नव्हता. माझा माल मात्र रोज नव्या जागी सापडायचा आणि मी काही बोललो नाही, कारण हा माणूस हात चालवायला कुठलीतरी जागा शोधतोय हे मला दिसत होतं.

परवा ते असेच फोन बघत मांडण्यांमधून फिरत होते आणि मध्येच थांबले. "हितं चुकलंय," म्हणाले. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत एक बारीक खोट त्यांना दिसली होती. बोट सवयीनं दुरुस्तीकडं गेलं, पण दुरुस्त करायचा हक्क आता नव्हता. कुणाही परक्या माणसासारखी तक्रार लिहायची तेवढी मुभा होती. त्यांनी उभ्याउभ्या डाव्या हातानं तक्रार लिहिली आणि पाठवली. पाठवताच तिकडून आपोआप एक निरोप आला. तो वाचून ते माझ्या शेजारी गादीच्या काठाला टेकले.

निरोप त्यांचाच होता. बुजरी माणसं विचारायला घाबरतात म्हणून, पहिल्यांदा तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला जावा असा त्यांनीच कधीकाळी लिहून ठेवलेला. त्यांना स्वतःला तो कधी आला नव्हता, कारण इतक्या वर्षांत तक्रार करायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती. दिसलं की दुरुस्त करायचे. त्यांनी मला तो मराठीत वाचून दाखवला. "आमच्याकडं आपण पहिल्यांदाच आलात. आपलं स्वागत आहे. चुकीचं काही विचाराल अशी भीती बाळगू नका, इथं कुणी रागावत नाही." खाली एक प्रश्न होता: आमची माहिती आपल्याला कुणाकडून मिळाली?

"बरं लिवलंय की न्हाय?" त्यांनी विचारलं.

"लई बरं लिहिलंय," मी म्हणालो. "आता उत्तरात लिहा, आमच्याच घरची आहे म्हणून."

"छ्या. त्या बाईला वाटंल, बाप अजून हक्क सांगतोय."

बराच वेळ ते बोट वर धरून बसून राहिले. मग हळूहळू एकेक अक्षर दाबत त्यांनी लिहिलं, एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून. पाठवलं, फोन खिशात टाकला. दुकानात गिऱ्हाईक कुणी नव्हतं, तरी मी एक चादर ओढून उलगडली आणि तिची घडी घालायला लागलो. तेव्हा दुसरी दोन टोकं त्यांनी धरली.